अर्थावाचून अनर्थ

गीझर बिघडतो तो डिसेंबरातच. मे महिन्यात गीझर बिघडल्याचं एकही उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. (कदाचित बिघडत असेलही, पण मे महिन्यात तो लावून बघतो कोण?) आमचाही डिसेंबरातच गेला. नाशिकची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना यापुढचं सांगायला नको, आणि ज्यांनी अनुभवली नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

गेला म्हणजे एकदम गेला नाही. आधी कढत पाण्याचं कोमट झालं, मग कोमटाचं गार झालं, मग खालून गंजाचा तांबडा थेंब ठिबकायला लागला. बारा वर्षं सेवा झाली होती बिचाऱ्याची. आमच्या बँकेत माणूस निवृत्त झाला की निदान शाल आणि नारळ तरी मिळतो. याच्या नशिबी गॅलरीचा कोपरा आणि भंगारवाल्याची प्रतीक्षा.

नवा गीझर घ्यायचं ठरलं तेव्हा मी घरात जाहीर केलं, की हा व्यवहार शास्त्रशुद्ध पद्धतीनं होईल. मी बी.कॉम. आहे. बँकेत बावीस वर्षं कारकुनी केली आहे. कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारल्याशिवाय मी पाव किलो वांगीदेखील घेत नाही, असं हिचं म्हणणं आहे. रेघा मारल्या. लिटर, वॅट, तारे, हमी आणि किंमत असे पाच रकाने आखले. आणि तिथंच, वाचकहो, माझी चूक झाली. सहावा रकाना आखायचा राहिला. त्या सहाव्या रकान्यासाठीच हा सगळा लेखनप्रपंच.

गीझर घेताय अशी बातमी फुटली की सल्लागार पाणी न तापवताच उकळायला लागतात. सासरे म्हणाले, "तांब्याचा बंब घ्या. करवंट्या घातल्या, चार ढलप्या सारल्या, की अख्ख्या घराची अंघोळ!" बंबाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये करवंट्या पेटवल्या तर अंघोळीआधी अग्निशामक दल येईल. शेजारचे नाना म्हणाले, "सोलर बसवा, सूर्य फुकट आहे." सूर्य फुकट आहे, गच्ची मात्र सोसायटीची आहे, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचा वाद आमच्या सोसायटीत अजून निकाली निघालेला नाही.

मेहुणे म्हणाले, "गॅस गीझर! नळ सोडला की गरम पाणी. एका मिनिटाची वाट बघणं नाही." मेहुण्यांनी स्वतःच्या घरी तो बसवला आहे. पाच बाय चारची न्हाणी, दार बंद, आणि थंडी येते म्हणून खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र! आता इथं मला विनोद सुचत नाही. बंद खोलीत गॅस जळतो तो तिथलाच प्राणवायू खाऊन. तो कमी पडला की ज्वाला कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि माणसाला कडी काढण्याचंही त्राण उरत नाही. अशा बातम्या दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतात; मेहुणे बहुधा तेच पान खिडकीत कोंबत असावेत. गंमत अशी, की यात दोष गीझरचा नाही. तोच गीझर न्हाणीबाहेर उघड्या हवेत लावून नुसतं गरम पाणी नळीनं आत आणलं, तर तो गरीब गाईसारखा नांदतो. दोष आहे तो कुठं आणि कोणी बसवला याचा. हे मी मेहुण्यांना सांगितलं, त्यांनी खिडकीतला कागद काढला, आणि तिथून पुढं आमचं बोलणं बंद आहे.

राहता राहिला विजेचा गीझर. दुकानदारानं मला तारे दाखवले. पाच तारे, चार तारे. नवग्रहांची शांत करायला आल्यासारखं वाटलं. "पाच तारेवालाच घ्या साहेब, वीज वाचते." मी घरी येऊन वाचलं, तर तारे मोजतात ते टाकीतलं तापलेलं पाणी नुसतं उभं राहिलं असता चोवीस तासांत किती वीज वाया जाते त्यावर. आमच्याकडे गीझर चोवीस तास चालू ठेवण्याची प्रथा नाही. वीस मिनिटं झाली की आई स्वयंपाकघरातून ओरडते, "अरे, बटण बंद केलंस का?" पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून पंचावन्न अंशांवर न्यायचं तर सुमारे सहा दशांश युनिट लागतं, दोन हजार वॅटच्या गीझरला अठरा मिनिटं. हा हिशेब पाच तारे असोत की एक, जवळजवळ सारखाच. म्हणजे ज्या घरात आई आहे त्या घरात ताऱ्यांची फारशी गरज नाही.

तरीही मी पाच तारेवालाच घेतला. माणूस हिशेब करतो एक आणि खरेदी करतो दुसरंच, हे बँकेत बसून मला कधीच कळलं आहे.

"बसवून मोफत," दुकानदार म्हणाला. आणि मी, रकाने आखणारा बी.कॉम., या दोन शब्दांवर भाळलो.

मोफत बसवणारा मुलगा आला. त्याचं नाव मी विचारलं नाही, आडनाव त्यानं सांगितलं नाही. भिंतीला दोन भोकं, दोन खुंट्या, वर गीझर, खाली दोन नळ्या. आई दारात उभी राहून म्हणाली, "बाळा, त्या नळाला जपून हात लाव हो. मला मुंग्या येतात." तो हसला. "आजी, थंडीनं येतात." आम्हीही हसलो. आईच्या हाताला मुंग्या येतात हे आम्ही दिवाळीपासून ऐकत होतो. डॉक्टरांनी बी-12च्या गोळ्या दिल्या होत्या. त्या ती नेमानं घेत होती आणि मुंग्याही नेमानं येत होत्या. पंचवीस मिनिटांत मुलगा गेला. जाताना मोबाइलवर पाच तारे मागून गेला. मी दिले. त्याही ताऱ्यांचा अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हता.

आता मला सांगा, आपण कुठल्या प्रकारची माणसं आहोत? माझ्या खिडकीवर कोणी मोठी रोख रक्कम भरायला आला, तर मी त्याच्याकडे पॅन मागतो. स्वतःचेच पैसे स्वतःच्याच खात्यात भरणाऱ्या माणसाला मी तू कोण म्हणून विचारतो! एक व्हाउचर पास करायला दोन सह्या लागतात, एक लिहिणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. आणि दोन हजार वॅटचं, पाण्यानं भरलेलं यंत्र आपल्या ओल्या, उघड्या डोक्यावर टांगताना मात्र एक सही नाही, एक प्रश्न नाही! यंत्रासाठी आपण तीन आठवडे घालवतो, माणसासाठी तीन मिनिटंही नाही. आतल्या काचेच्या लेपासाठी दोन हजार जास्त मोजतो, आणि तारतंत्र्यानं दोनशे जास्त मागितले की आपल्याला लुटल्यासारखं वाटतं. यंत्राला भारतीय मानकाचा शिक्का हवा, टाकीची पाच वर्षांची हमी हवी. बसवणाऱ्याला फक्त वेळ हवा. यंत्र चांगलं बनवणारे पुष्कळ आहेत. ते चांगलं बसवणाऱ्याला चांगले पैसे देणारे आपण नाही. तक्रार गीझरची नाही, मंडळी, तक्रार आपली आहे.

दोन दिवसांनी नव्या गीझरच्या बाजूच्या पितळी तोटीतून थेंब पडायला लागला. मी मोफत मुलाला फोन केला. "बूच मारून टाका साहेब," तो म्हणाला. बूच मारायला म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या गृहस्थांना बोलावलं. वय साठीचं, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांनी बूच मारायचं साफ नाकारलं.

"साहेब, पाणी तापलं की फुगतं. पंधरा लिटर पाण्याचं पेलाभर जास्त होतं. ते जाणार कुठं? ही तोटी त्याच्यासाठी आहे. पाणी थेंब थेंब तापताना पडतंय ना? पडू द्या. सतत गळायला लागलं तर मला बोलवा. पण ही बंद केलीत तर टाकीतला दाब कोंडून राहील. मग तुमचा गीझर नाही, बॉम्ब आहे."

आईनं आतून सवयीनं सांगितलं, "नळाला हात लावू नका हो, मुंग्या येतात." हे गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी चष्मा सारखा केला आणि एखाद्या वैद्याच्या आवाजात विचारलं, "आजी, कधीपासून येतात?"

"दिवाळीपासून."

"गीझर चालू असतानाच?"

आई विचारात पडली. "हो की. मी अंघोळीला बसते तेव्हा हा बटण बंदच करत नाही."

त्यांनी गॅलरीतला जुना गीझर उघडला. आतल्या तापणाऱ्या कांडीला चीर गेली होती. तिच्याशेजारी मॅग्नेशियमची दुसरी कांडी असते, टाकीला गंज लागू नये म्हणून स्वतः चंदनासारखी झिजणारी. ती झिजून नाहीशीच झाली होती. दर दोन-तीन वर्षांनी ती तपासायची असते, हे मला बारा वर्षांनी कळलं. मग त्यांनी न्हाणीबाहेरच्या सॉकेटच्या फेजला आणि अर्थला एक बल्ब जोडला. बल्ब लागला नाही.

"साहेब," ते म्हणाले, "तुमच्या घरात अर्थ नाही."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हे वाक्य मला फार लागलं.

त्यांनी समजावून सांगितलं. तीन पिनांतली जाडी, लांब पिन अर्थची. ती सगळ्यांच्या आधी आत जाते आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर येते. वीज चुकून यंत्राच्या अंगात उतरली तर तिनं या वाटेनं जमिनीत जायचं. आमच्याकडे पिन होती, भोक होतं, भोकातून पुढं काहीच नव्हतं. म्हणून ती वीज नळाच्या वाटेनं निघाली होती, आईच्या हातातून. हात जरा जास्त ओला असता, चीर जरा जास्त मोठी असती, तर बी-12च्या गोळ्या घ्यायला कोणी उरलं नसतं.

"मीटरपासून नवी अर्थ वायर ओढावी लागेल. आणि आरसीसीबी लावू." ती काय करते, असं मी विचारलं. ते म्हणाले, गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा मेळ बघते. तीस मिलिअँपिअरचा फरक दिसला की तत्क्षणी पुरवठा तोडते. हे मात्र मला एका दमात समजलं. संध्याकाळी आमचा कॅशियर हेच करतो. फक्त तो तोडत नाही, तोंड करतो.

त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला. माझ्या तोंडून "जरा कमी..." निघणारच होतं, तेवढ्यात ही म्हणाली, "मागच्या वेळी अर्थची वायर का नाही घातली? त्याच्यावर फिर्याद करा." मला एकदम स्फुरण चढलं. माझ्या घरात सगळे हिशेब जपून ठेवलेले असतात. बारा वर्षांपूर्वीची वही काढली. पान सापडलं. त्या वेळच्या माणसानं अंदाजपत्रक दिलं होतं. गीझर बसवणे, रु. 350. मीटरपासून अर्थ वायर, रु. 600. दुसऱ्या ओळीवर तिरपी रेघ होती आणि बाजूला बारीक अक्षरात शेरा: "तूर्त अनावश्यक. रद्द." खाली सही.

सहीवरून माणूस ओळखणं हा माझा धंदा आहे. सही माझीच होती.

मी घासाघीस केली नाही. दोन दिवसांत वायर आली, बल्ब लखलखीत पेटला, मग पेटी लागली. त्या गृहस्थांनी वायरमनचा परवाना न मागता दाखवला आणि काम काय काय केलं ते कागदावर लिहून खाली सही केली. मग कागद माझ्यापुढं सरकवला. "तुमचीपण करा साहेब. काम पाहिलं म्हणून."

मी सही केली. आई नळाला हात लावून उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "या वेळी वाचून केलीस ना रे?"