फुकट म्हणू नका!

"मावशी, तू फक्त कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि छान हसायचं!" माझ्या इंजिनीअर भाचीचा हुकूम. ती आणि तिची मित्रमंडळी लिबरऑफिसच्या प्रचारासाठी दोन मिनिटांचा व्हिडिओ आखताहेत. लिबरऑफिस म्हणजे पत्र लिहायचं, हिशेब मांडायचं सॉफ्टवेअर. ओपनऑफिसवर काम करणाऱ्या काही जणांनी २०१० साली वेगळं होऊन ते सुरू केलं. आमच्या बचत गटाचे हिशेब मी त्यावरच ठेवते, त्यातले मेनूही मराठीत दिसतात. म्हणून नायिका मी!

तिनं संहिता वाचून दाखवली. पहिलीच ओळ, 'फुकट! फुकट! फुकट!' मग ढँणढँण संगीत आणि सोयींची लांबलचक यादी. "अगं, हा साड्यांचा सेल आहे का?" मी विचारलं.

"पण पैसे पडत नाहीत हे खरंच आहे ना, मावशी?"

खरं आहे. तरी तो शब्द मला टोचला. वीस वर्षं घर सांभाळलेल्या बाईला तो टोचणारच, नाही का? घरातल्या कामाचा पगार मिळत नाही, म्हणून ते आपोआप होत नसतं. सॉफ्टवेअरचंही तसंच. कुणीतरी रात्र जागून चूक शोधलेली असते, 'सेव्ह'ला 'जतन करा' म्हणावं की 'साठवा' यावर कुणीतरी डोकं खाजवलेलं असतं. काहींना त्याचा पगार मिळतो, कित्येक जण हौसेनं करतात. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि मोकळं दोन्ही कोंबलंय, त्यामुळे रिचर्ड स्टॉलमन यांना मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे वर्षानुवर्षं समजावत बसावं लागलं. आपल्याकडे चांगले दोन शब्द आहेत, मग नेमका चुकीचाच का उचलायचा? मोकळं म्हणजे आतली घडण कुणीही बघावी, हवी तशी बदलावी, शेजारणीलाही द्यावी.

भाची म्हणाली, "हे सगळं दोन मिनिटांत कसं सांगू?"

सांगू नकोस, दाखव. पूर्वी आमच्या गटाच्या कॉम्प्युटरवर एका दुकानदारानं घालून दिलेला, विकत न घेतलेला प्रोग्राम होता. बँकेच्या साहेबांना आकडे दाखवायच्या आदल्या दिवशी तो बंद पडला. चौदा जणींचे हप्ते आम्ही वहीवरून रात्रभर पुन्हा मांडले. बायकांचा जीव टांगणीला लागला होता. व्हिडिओ तिथून सुरू होऊ दे. आणि शेवटी एखाद्या मराठी भाषांतरकाराचा चेहरा दिसू दे, नुसतं चिन्ह नको. डिसेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दोन पानी जाहिरात आली, तिच्यात वर्गणी देणाऱ्या हजारो लोकांची नावं छापली होती. 'फ्लो' या ज्या ॲनिमेशनपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, तो ब्लेंडर या मोकळ्या सॉफ्टवेअरवर केलाय, हेही मी भाचीला ऐकवलं. (खरं तर तिनंच ते मला आधी सांगितलं होतं.) ब्लेंडरची याहून चांगली जाहिरात कोणती असणार?

बाकीच्या सूचना घरगुती. हा व्हिडिओ बायका मोबाइलवर बघणार, तोही बहुधा आवाज बंद करून, कारण शेजारी कुणीतरी झोपलेलं असतं. तेव्हा मराठी अक्षरं ठळक हवीत आणि पडद्यावरचा बाण सावकाश फिरायला हवा. दुसरीकडे केलेली फाइल यात उघडली तर कधी कधी मांडणी हलते, हेही सांगून टाका. "मग कोण घेईल?" भाची हिरमुसली. अगं, लपवलंस तर घेतील आणि चार दिवसांत काढून टाकतील!

सगळ्यात मोठा प्रश्न मात्र तिच्या टिपणात नव्हताच. व्हिडिओ बघून एखादी विचारेल, "अडलं तर कुणाला फोन करू?" ती मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. मी म्हटलं, आधी कोणता दिवस, किती वाजता आणि कोण फोन उचलणार ते ठरवा, मगच कॅमेरा काढा. दोघांनी शनिवार दुपार कबूल केलीय.

आता रविवारी चित्रीकरण आहे. 'फुकट' खोडलं गेलंय. माझ्याऐवजी आमच्या खजिनदारबाई बसणार आहेत. सातवीपर्यंत शिकलेल्या, पण महिन्याचा हिशेब स्वतः भरतात. हसायची अट मात्र त्यांनी साफ नाकारली. म्हणाल्या, "हिशेब करताना कोण हसतं हो ताई?"