उचल कोणी कोणाला द्यायची?

दोस्तांनो, परवा एका साहित्यिक बैठकीत एका सद्गृहस्थांच्या हातात एका पोरानं आपली कादंबरी दिली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, मागचा पुठ्ठा बघितला आणि शेजारच्याच्या कानात म्हणाले, "स्वतःच छापलंय." झालं. एक पान उलटलं नाही आणि निकाल लागला. ही आता पुस्तकांची नवी जात झाली. आधी पुस्तकाचं आडनाव विचारायचं, मग ठरवायचं की पेल्यात पाणी द्यायचं का वरून ओंजळीत ओतायचं.

मग छापायचं कोणी होतं? जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडं दिलं. तिथल्या भट सभासदांच्या आग्रहापुढं गोऱ्यांचं काही चाललं नाही आणि नाटक बाजूला पडलं. ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी वाचायला मागितलं आणि वाचून मंडळाची पाचावर धारण बसली. परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी तेच भाषण स्वतःच्या पैशानं छापलं. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. 'स्वतःच छापलंय' म्हणणाऱ्यांनी या पुस्तकाकडं बघून नाक मुरडून दाखवावं.

ही झाली आपली दैवतं. कथा-कादंबरीवाल्याचं बघा. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा लक्ष्मणराव. मराठीतून दहावी झालेला. गावातला रामदास नावाचा पोरगा नदीत बुडून मेला, ते याच्या डोक्यात घर करून बसलं. सूतगिरणीतलं काम गेलं आणि हा निघाला. १९७५ साली दिल्लीत पोचला. भांडी घासली, बांधकामावर राबला, मग विष्णू दिगंबर मार्गाच्या फुटपाथवर पान-बिडी विकायला बसला, पुढं चहा. दिल्लीच्या रस्त्यावर मराठी कोण वाचणार? म्हणून हिंदीत लिहिलं. हस्तलिखित घेऊन प्रकाशकाकडं गेला तर त्यानं हाकलून दिलं. १९७९ साली पहिली कादंबरी स्वतः छापली, १९९२ साली 'रामदास'. अशी वीसच्या वर पुस्तकं. सायकलीवर पुस्तकं लादून शाळाशाळांच्या ग्रंथालयांत फिरला, विकली. चहा गाळता गाळता बी.ए. झाला, एम.ए. झाला. आणि टपरीच्या अगदी जवळ कोण उभं? हिंदी भवन! आत हिंदी साहित्यावर भाषणं व्हायची, बाहेर हिंदीचा कादंबरीकार पेले विसळायचा.

पुढं पेपरवाले आले. फोटो कशाचा काढला? किटलीचा. 'चहावाला लेखक' असा मथळा. कादंबरीत काय आहे हे किती जणांनी लिहिलं? प्राध्यापकाला कधी कुणी 'खडूवाला लेखक' म्हटलंय? मी गोदीत पोती उचलतो, तर मला कवितेच्या कार्यक्रमात पोतं किती किलोचं असतं ते विचारतात. ओळ का तोडली ते कुणी विचारत नाय. लक्ष्मणरावाच्या कादंबऱ्या थोर आहेत असा माझा दावा नाय. कुणाला त्या टाकाऊ वाटल्या तर त्यानं खुशाल झोडाव्यात. पण वाचून झोडाव्यात.

आता आमच्या पाथर्डीकडं या. दसरा-दिवाळी झाली की इथल्या वस्त्या ओस पडतात. मुकादमाची उचल घ्यायची, बिऱ्हाड बांधायचं आणि कारखान्याचा रस्ता धरायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेस्तोवर मान मुकादमाच्या हातात. माझा मावसभाऊ असाच उसाच्या फडात, कोपीत वाढला. वहीत कादंबरी लिहिली. शहरातल्या एका प्रकाशकाला पाठवली. आठ दिवसांत उत्तर आलं, 'आवडली.' खाली हिशोब: ३०० प्रती, ४० हजार रुपये, लेखकानं द्यायचे. मावशीनं मुकादमाकडून जादा उचल घेतली. म्हंजे काय, तर बाई अख्खा हंगाम डोक्यावर मोळ्या वाहणार, का, तर पोराचं नाव पुठ्ठ्यावर यावं. पुस्तक आलं. 'पाचट' शब्द होता तिथं सगळीकडं 'पाचक'. फडातली बाई पाचक गोळा करतेय! दुकानात एक प्रत दिसली नाय. अडीचशे खाटेखाली पडून आहेत, त्यातल्या काही उंदरांनी वाचल्या.

मुकादम हरामी खरा, पण तो उचल देतो आणि काम करून घेतो. हा प्रकाशक लिहिणाऱ्याकडूनच उचल घेतो आणि काम पण करत नाय. तरी या पुस्तकाला पेल्यात पाणी, कारण मागच्या पुठ्ठ्यावर प्रकाशनाचं नाव आहे. लक्ष्मणरावाला मात्र ओंजळ.

आणि आपण? आपलीही पोरं बड्या माणसाची प्रस्तावना मिळावी म्हणून सहा सहा महिने उंबरे झिजवतात. पुस्तक निघालं की चळवळीतल्या दोस्तांना फुकट वाटतात. दोस्त ते घेतो, 'जय भीम' म्हणतो आणि माळ्यावर टाकतो. दोस्ताचं पुस्तक रोख पैसे देऊन कुणी घेतलंय, हात वर करा. माझाही हात खालीच आहे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात बघा. गावागावातून माणसं येतात, खिशात परतीचं भाडं आणि थोडी चिल्लर, तरी पुस्तक घेतल्याशिवाय हलत नाहीत. एका वर्षी एक म्हातारी माझ्या गोणपाटापुढं बसली. प्रकाशन कुठलं ते तिनं विचारलं नाय. म्हणाली, "काय लिवलंय रं बाबा यात? वाचून दाव." मी दोन कविता वाचल्या. एक तिला पटली नाय, तसं तोंडावर सांगितलं, आणि पैसे मोजून पुस्तक पिशवीत टाकलं. त्या बैठकीतल्या सद्गृहस्थांना एवढं जमत नाय.

मावसभावाची दुसरी कादंबरी तयार आहे. रात्री फोन आला, "दादा, ते ह्यावेळी पंचेचाळीस म्हणत्यात." मी म्हणालो, "मावशीला परत फडात ढकलू नको. नगरला जा, छापखाना बघ. कागद, छपाई, बांधणी, सगळ्याचा हिशोब वेगवेगळा मांडून घे. आणि प्रकाशक म्हणून तुझंच नाव टाक." मढीला कानिफनाथाची जत्रा भरते, गाढवांचा बाजार भरतो. तिथंच कडेला गोणपाट टाकणार आहोत. मी दोन खाडे धरून येतोय. ह्यावेळचं 'पाचट' मी स्वतः तपासणार.