अर्ज सुवाच्य अक्षरात भरावा

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ऑफिसचं शटर ओढत होतो. जवळच्या वाडीतल्या एक ताई आल्या. ओळख जुनी. त्यांच्या बचत गटाच्या बातम्या मी दोन-तीनदा छापल्यात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. पुढे केला तो डावा हात. उजवा पदराखाली.

दीड वर्षापूर्वी कडबा कुट्टी मशीनमध्ये त्यांचा उजवा हात गेला. घास आत सारताना मशीननं घासाबरोबर हातही ओढला. अंगठ्यासकट चार बोटं गेली, करंगळी राहिली. सरकारी दवाखान्याचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर टक्केवारी चाळीसच्या बरीच वर आहे. संजय गांधी निराधार योजनेसाठी दिव्यांगांना किमान चाळीस लागतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला पन्नास हजार, तीही बसते. ऑक्टोबर २०२५ पासून या योजनेत दिव्यांगांना महिना पंधराशेऐवजी अडीच हजार रुपये जाहीर झालेत. म्हणजे पात्रतेचा प्रश्नच नाही.

तरी अर्ज तीन वेळा अडला. कशावरून? अक्षरावरून.

पहिला अर्ज त्यांच्या सातवीतल्या मुलीनं भरला. दोन ठिकाणी खोडलं होतं, एका ठिकाणी व्हाइटनर. "खाडाखोड चालत नाही, नवीन फॉर्म आणा." दुसरा ताईंनी स्वतः डाव्या हातानं भरला. दोन रात्री बसून. तो कागद मी पाहिलाय. अक्षरं चौकटीच्या बाहेर गेलीत, काही ओळी खाली घसरल्यात, पण शब्द न शब्द लागतो. कागदावरच छापलेलं आहे, 'अर्ज सुवाच्य अक्षरात भरावा'. खिडकीवरच्यानं बोट ठेवून तेच दाखवलं.

तिसऱ्या वेळी त्या दाराबाहेर बसणाऱ्या एजंटकडे गेल्या. तीनशे रुपये. पाच मिनिटांत अर्ज तयार. एजंट म्हणाला, इथं अंगठा लावा. ताईंनी शाई लावण्याआधी कागद वाचून काढला. शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'निरक्षर'.

त्या म्हणाल्या, मी बारावी पास आहे. एजंट म्हणाला, अंगठा लावताय ना, मग निरक्षरच लिहावं लागतं, नाहीतर आत प्रश्न विचारतात.

ताईंनी अंगठा लावला नाही. तीनशे रुपयेही परत मिळाले नाहीत. तोच अर्ज घेऊन त्या माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, पैशाची गरज आहे, खोटं कशाला बोलू. पण अकरा वर्षं मी गटाचं प्रोसिडिंग लिहिलंय. मी निरक्षर कशी?"

खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की लावून टाकायचा होता अंगठा, काय फरक पडतो! महिन्याला अडीच हजार म्हणजे त्या घरात किराणा आहे. पण नंतर खालचं स्वयंघोषणापत्र वाचलं. 'वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन.' एजंटनं लिहिलेल्या खोट्याखाली ठसा ताईंचा असणार होता. उद्या कुणी तपासलं तर एजंट सापडणार नाही, कारण त्याचं नाव त्या कागदावर कुठेच नाही. आणि तो धोका नसता तरी, आपण कोण हे स्वतःच्या अर्जात खरं लिहिलं जावं, एवढी मागणी जास्त आहे का?

आपल्याकडे अंगठ्याला एक वास आहे, हे मान्य करू. 'अंगठाबहाद्दर' ही आपल्या भाषेतली शिवीच आहे. साक्षरता मोहिमेच्या काळात सही करायला शिकलेल्या बायांचे फोटो आपणच छापले. ज्या बाईला सहीचा अभिमान बाळगायला शिकवलं, तिला आता सांगायचं, अंगठा लाव आणि अशिक्षित हो. हात गेला म्हणून शाळाही गेली?

कायदा काय म्हणतो ते शोधलं. मी वकील नाही, पण शोधून वाचता येतं.

पहिलं. १८९७ चा जनरल क्लॉजेस अॅक्ट. इंग्रजांच्या काळातला. ज्याला नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत 'सही' या शब्दात 'खूण'ही येते, असं त्यात व्याख्येतच आहे. नाव लिहिता न येण्याचं कारण निरक्षरता असू शकतं, तसं तुटलेली बोटं, लकवा, कंपवातही असू शकतं. कायदा कारण विचारत नाही. खूण केली म्हणजे माणूस अडाणी, हे कायद्यानं कुठेही म्हटलेलं नाही. ते आपण म्हणतो.

दुसरं. रिझर्व्ह बँकेच्या बँकांना सूचना आहेत. आजारी, वृद्ध किंवा अपंग खातेदाराला सही जमत नसेल तर हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. दोन साक्षीदारांनी ओळख पटवायची, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही उठवता येत नसेल तर साधी खूण चालते. तिथेही साक्षीदार तसेच दोन. पायाच्या अंगठ्यापर्यंत विचार करून ठेवलेला आहे! आणि आपल्या ताईंचं काय झालं? गटाच्या खात्यावर अध्यक्ष आणि सचिव अशा दोन सह्या लागतात. अपघातानंतर सचिवाची सही जुळेना. बँकेत सांगितलं, नवीन सही देण्यापेक्षा सचिव बदला, सोपं पडेल. गटानं सचिव बदलला. डाव्या हाताच्या सहीचा नमुना द्यायला एक अर्ज पुरला असता. अकरा वर्षांचं पद गेलं, आणि याची बातमी मी केली नाही, कारण ही बातमी आहे हे मलाही कळलं नव्हतं.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ चा निकाल. या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. ठरलेल्या वर्गांत आणि टक्केवारीत बसत नाही म्हणून परीक्षेला लेखनिक नाकारला होता. न्यायालयानं सांगितलं, लिहिण्यात खरी अडचण आहे तर लेखनिक मिळाला पाहिजे, चाळीस टक्क्यांची अट त्याच्या आड आणू नका. आधार होता २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा. या कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, आणि माणसाच्या अडचणीनुसार व्यवस्थेनं वाजवी बदल करून द्यायचा, हे त्याचं मुख्य सूत्र आहे.

आता मला सांगा. परीक्षेच्या हॉलमध्ये लेखनिक हा हक्क. बोर्डाच्या परीक्षेतही दिव्यांग मुलांना लेखनिक मिळतो, आपल्या गावातल्या मुलांनी ते काम केलंय. आणि तालुक्याच्या खिडकीवर तोच लेखनिक म्हणजे कुणाची तरी मेहरबानी, नाहीतर तीनशे रुपये. जी योजनाच दिव्यांगांसाठी आहे, तिच्या खिडकीवर हात चालत नसलेला माणूस येणार हे कुणाच्या लक्षात येऊ नये?

लोक म्हणतील, आता सगळं ऑनलाइन आहे. आहे ना. पण ऑनलाइन भरायला आपण जातो कुठं? सेवा केंद्रात. तिथं टाइप करतो दुसराच, आपण स्क्रीनच्या पाठीमागे उभे. आणि सहीची घोषणापत्रं, दाखल्यांचे अर्ज हे कागद उरतातच. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अॅसिड हल्ल्यातल्या पीडित आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर निकाल दिला. डोळ्यांची उघडझाप केल्याशिवाय केवायसी पूर्ण होत नव्हतं, त्याबद्दलचा. न्यायालयानं डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मुद्दा तोच. पद्धत कागदाची असो की मोबाइलची, माणसाच्या शरीराला बसत नसेल तर पद्धत बदलायची.

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. एका टेबलावर चार योजना, समोर रांग, वर ऑडिटची भीती. बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्या आम्हीच रंगवून छापतो, मग तो प्रत्येक कागदाकडे संशयानं बघणारच. दुसऱ्यानं लिहिलेला अर्ज घेतला आणि उद्या वाद झाला तर? प्रश्न रास्त आहे. पण आजही निम्मे अर्ज दुसऱ्यानंच लिहिलेले असतात, हे त्या खिडकीलाही माहीत आहे. फरक एवढाच की लिहिणाऱ्याचं नाव नसतं. नाव लिहायला लावा, फसवणूक वाढणार नाही, कमीच होईल.

त्या संध्याकाळी मी अर्ज लिहायला बसलो. वीस वर्षं लिहितोय, वाटलं दहा मिनिटांचं काम. दिव्यांगत्वाचं कारण या रकान्यात मी सवयीनं लिहिलं, 'दुर्दैवी अपघातात उजवा हात निकामी'. वाचून दाखवल्यावर ताई म्हणाल्या, "दुर्दैवी कशाला? मशीनला झाकण नव्हतं. ते लिहा. आणि हात निकामी नाही, चार बोटं नाहीत. भाकरी करते मी."

खोडता येत नव्हतं. नवीन फॉर्म काढला. त्या सांगत गेल्या तसं लिहिलं. शिक्षण, बारावी उत्तीर्ण. पूर्वीचं काम, शेती व बचत गट सचिव. दोन पानांना पाऊण तास लागला. दुसऱ्यासाठी लिहिणं म्हणजे आपलं शहाणपण बाजूला ठेवणं, हे या वयात कळलं. शेवटी मी पेनानं एक ओळ वाढवली: 'अर्जदाराने सांगितल्याप्रमाणे लिहून वाचून दाखवले', आणि खाली माझं नाव, सही, मोबाइल नंबर. ताईंनी डाव्या हातानं सही केली. अक्षरं थरथरली, एक जरा लांब गेलं. पण सही त्यांची होती.

दुसऱ्या दिवशी सोबत गेलो. अर्ज घेतला, पोच मिळाली. माझ्यासोबत म्हणून घेतला का, हा प्रश्न मला छळतोय. बहुतेक हो. प्रत्येकाला पत्रकार सोबत नेता येत नाही, म्हणून तर ही पोस्ट. मंजुरी अजून बाकी आहे.

मागण्या मोठ्या नाहीत. नवीन योजना नको, निधी नको.

१) अर्जाच्या शेवटी एक ओळ छापा: 'अर्ज लिहून देणाऱ्याचे नाव व सही'. आणि सहीच्या जागी 'सही / खूण / अंगठा' असं लिहा. त्यावरून शिक्षण ठरवू नका.

२) टाइप केलेला, दुसऱ्याच्या अक्षरातला, डाव्या हातानं लिहिलेला अर्ज नाकारू नका. वाचता येत नसेल तर समोरच्या माणसाला विचारा, तो तिथंच उभा आहे.

३) आठवड्यातून एक दिवस, दोन तास, खिडकीवर लिहून देणारा माणूस बसवा. 'येथे अर्ज विनामूल्य लिहून मिळेल' असा फलक लावा. नाकारलाच अर्ज तर कारण लेखी द्या, तोंडी नाही.

हे निवेदन सोमवारी तहसीलदार साहेबांना देणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी साडेदहाला या.

आणि आपल्यासाठी. तुमच्या गल्लीत लकवा झालेले आजोबा असतील, हात थरथरणारी काकू असेल. त्यांचा अर्ज लिहाल तर आधी विचारा, मग लिहा, लिहिलेलं वाचून दाखवा, आणि खाली स्वतःचं नाव टाका. दर शनिवारी चार ते सहा मी ऑफिसात आहे. अर्ज घेऊन या, पैसे लागणार नाहीत. चांगलं अक्षर असलेली दोन-चार कॉलेजची पोरं मदतीला हवी आहेत. कमेंटमध्ये नाव टाका.