कुठल्या गावची द्राक्षं?

जानेवारीत ऑफिसच्या ग्रुपबरोबर नाशिकला ‘वाइन वीकेंड’ करून आले. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेय. पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा, पटलं नाही तर सांगा, पण शिव्या नकोत.

आधीच कबूल करते, मजा आली. समृद्धीचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून ठाण्याहून नाशिक बरंच जवळ आलंय. पहाटे बसमध्ये बसलो आणि नाश्त्याला मिसळीच्या ताटावर होतो. अठ्ठावीस माणसं, दोन दिवस, तीन वायनरी. टूरचं नावच ‘स्पार्कलिंग स्पेशल’ होतं. म्हणजे आपल्याकडे सरसकट ज्याला शॅम्पेन म्हणतात ती फसफसणारी वाइन. शॅम्पेन हे नाव फक्त फ्रान्समधल्या त्या प्रदेशातल्या वाइनला लावता येतं, आपल्या बाटलीवर ते छापता येत नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

माहिती सांगणारा मुलगा नाशिककडचाच, हुशार आणि नम्र. या वाइनसाठी द्राक्षं थोडी आधी तोडतात म्हणजे आंबटपणा टिकतो. मग साधी वाइन करून बाटलीत भरतात, तिच्यात पुन्हा साखर आणि यीस्ट घालतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होतं आणि वायू आत कोंडतो. गाडीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट दाब असतो म्हणे त्या बाटलीत. महिनोन् महिने आडवी ठेवायची, मग हळूहळू फिरवत उलटी करायची, मानेत जमलेला गाळ गोठवून उडवायचा, की बूच. इतकं छान समजावलं की आमच्यातले न पिणारे दोघेही कान देऊन ऐकत होते.

शेवटी त्याने पडद्यावर एक फोटो दाखवला. फेटा बांधलेला शेतकरी, हातात घड, तोंडभर हसू. खाली ओळ होती, तुमच्या प्रत्येक ग्लासामागे एका शेतकऱ्याचं हसू आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी हात वर करून विचारलं, “ही आत्ता आम्ही पितोय ती कुठल्या गावची द्राक्षं?”

“मॅम, आमच्या पार्टनर शेतकऱ्यांची.”

“हो, पण गाव कुठलं?”

“नाशिक व्हॅली.”

नाशिक व्हॅली नावाचं गाव नाही. माझं आजोळ दिंडोरी तालुक्यातलं आहे, एवढं तरी मला ठाऊक आहे. तो मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बाटली कुठल्या तापमानाला ठेवायची हे त्याला तोंडपाठ होतं, द्राक्ष कुठून आलं हे नाही.

नंतर द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम झाला. लाकडी टब, डोक्याला रुमाल, रील्स. टबात पाय घालण्याआधी एक मणी तोंडात टाकला. बिनबियांचा, पातळ सालीचा, गोड. म्हणजे बाजारात खायला मिळतं ते द्राक्ष. वाइनचं द्राक्ष बारीक असतं, साल जाड, आत बी. म्हणजे आम्ही तुडवत होतो ते वाइनचं द्राक्षच नव्हतं. हे गमतीत सोडून दिलं असतं, पण या फरकापायीच माझ्या मामाची बाग गेली. म्हणून सोडवत नाही.

2001 साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क काढले. तालुक्यात सगळीकडे एकच हवा होती, वाईनची बाग लावा. मामाने 2005 मध्ये दोन एकर लावली. पहिले हंगाम बरे गेले, खोटं कशाला सांगू. मग 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, त्यात जागतिक मंदी, हॉटेलं रिकामी पडली. पुढच्या हंगामात वायनरीची गाडी आलीच नाही. निरोप आला, टाक्या भरलेल्या आहेत, यंदा माल नको.

खायच्या द्राक्षाचं असं झालं तर शेतकरी मरतो, पण त्याला धावायला जागा असते. एक्सपोर्ट नाही तर लोकल, लोकल नाही तर पिंपळगाव, तेही नाही तर बेदाणा. वाइनच्या द्राक्षाला यातलं काही नाही. बी असलेलं बारीक द्राक्ष बाजारात कोण घेणार? त्याला एकच दार असतं, आणि ते दार आतून बंद करता येतं. करार काय होता म्हणून विचारलं तर मामा म्हणाला, “कसला करार पोरी, तोंडी होतं सगळं. साहेब चांगला होता.” 2010 मध्ये बाग उपटली आणि टोमॅटो लावले. त्या काळात वाइनच्या बागा उपटणारा तो एकटा नव्हता, तालुक्यात कुणालाही विचारा.

आता कुणी म्हणेल, धंदा आहे, चढउतार चालायचेच. मान्य. पण मग निव्वळ धंदाच म्हणा ना, शेतकऱ्याचा फोटो कशाला लावता? फोटो लावायचं कारण आहे. राज्यात वाइनवर 20 टक्के व्हॅट आहे, आणि राज्यातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनसाठी त्यातले 16 टक्के उत्पादकाला परत देण्याची योजना सरकारने चालवली आहे. हा पैसा तुमचा-माझा आहे. तो कुणाच्या नावाने दिला जातो? शेतकऱ्याच्या. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाही कारण तेच दिलं होतं, शेतकऱ्याचं हित. त्यावर किती रणकंदन झालं आठवतंय ना? एक बाजू म्हणाली संस्कृती बुडाली, दुसरी म्हणाली शेतकरी तरला. निर्णय शेवटी अमलात आलाच नाही. पण त्या सगळ्या गोंधळात एका तरी चॅनलवर वाइनच्या द्राक्षाच्या कराराचा कागद कुणी दाखवला? किलोला भाव काय, पैसे किती दिवसांत, माल नाकारला तर भरपाई काय? मी तरी पाहिला नाही.

आपल्याला शॅम्पेनचं फार कौतुक. तसा आपला संबंध जुना आहे. 1980 च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने स्पार्कलिंग वाइन करून परदेशात पाठवली गेली. 2013 मध्ये मोएत हेनेसी या फ्रेंच समूहाने नाशिकच्या द्राक्षांची स्पार्कलिंग बाजारात आणली. त्यामुळे टूरवर सारखं ऐकू येतं, अगदी शॅम्पेनसारखी पद्धत, शॅम्पेनसारखं तळघर. ठीक आहे. मग तिथलं बाकीचंही बघू या.

तिथे साधारण 34 हजार हेक्टर बागा आहेत आणि त्यातल्या सुमारे 90 टक्के हजारो लहानमोठ्या द्राक्ष उत्पादकांच्या मालकीच्या. मोठ्या कंपन्यांचं नाव जगभर, पण द्राक्षासाठी त्यांना शेतकऱ्याच्या दारात जावं लागतं. हे फुकट मिळालेलं नाही. बाहेरून स्वस्त द्राक्षं आणून शॅम्पेन म्हणून विकतात म्हणून 1911 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी दंगल केली, आयी गावात कंपन्यांच्या इमारती जाळल्या. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. पण पुढे 1941 मध्ये तिथे जी समिती झाली तिच्यात शेतकरी आणि कंपन्या बरोबरीने बसतात. आणि बाटलीच्या लेबलवर बारीक दोन अक्षरं असतात, त्यावरून कळतं की ही वाइन स्वतः द्राक्ष पिकवणाऱ्याने केलीय, सहकारी संस्थेने केलीय की द्राक्षं विकत घेणाऱ्या कंपनीने. साधी दोन अक्षरं! आपण तिथून उंच ग्लास आणले, तळघर आणलं, ती अक्षरं मात्र तिकडेच राहिली.

शॅम्पेन म्हणजे स्वर्ग आहे असंही नाही. तिथे द्राक्षं हातानेच तोडायचा नियम आहे, त्यामुळे हंगामात मजूर लागतात ढिगाने. 2023 च्या उन्हाळी लाटेत तोडणी चालू असताना किमान चार मजूर दगावले. त्याच हंगामात पन्नासहून जास्त मजूर, बहुतेक पश्चिम आफ्रिकेतले, घाणेरड्या जागेत कोंबलेले सापडले. जुलै 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने तिघांना मानवी तस्करीसाठी दोषी ठरवलं. म्हणजे शेतकऱ्याचा आवाज असलेल्या प्रदेशातही मजुराचा आवाज नसतो. पण तिथे निदान खटला चालला.

आपल्याकडचं सांगते. रविवारी सकाळी दिंडोरी रस्त्याला आमच्या बसच्या पुढे एक पिकअप होता. थंडी चांगलीच होती. मागे उभ्या बायका, पंचवीस तरी असतील, डोक्यावरून स्कार्फ, हातात डब्याच्या पिशव्या. पेठ-सुरगाण्याकडून अशा टोळ्या रोज उतरतात. छाटणी, विरळणी, तोडणी, सगळं यांच्या हातून होतं. उचल मुकादमाकडून, हिशेबही त्याच्याकडे. आमच्या बसमधल्या कुणीतरी मोबाइल काढून ‘सो लाइव्हली’ म्हणत व्हिडिओ घेतला. बसमध्ये प्रत्येकाला सीट आणि पाण्याची बाटली होती. बागेत त्या बायकांना संडास आहे का, हा प्रश्न आमच्या दोन दिवसांच्या कार्यक्रमात कुठेच बसत नव्हता. आजोळी मी जे पाहिलंय त्यावरून सांगते, बहुतेक बागांत नसतो. यात वाइनवाले आणि खायच्या द्राक्षाचे बागायतदार सारखेच, माझे नातेवाईक धरून.

आता दुसरी बाजू. मामाचाच मुलगा, माझा भाऊ, परत वाइनची द्राक्षं लावायच्या विचारात आहे. त्याचं म्हणणं असं की खायच्या द्राक्षाचा जुगार त्याहून वाईट. ऐन वेळी अवकाळी आला की मणी तडकतात आणि एका रात्रीत एक्सपोर्टचा माल कचरा होतो. ठरलेला भाव मिळत असेल तर वाइन परवडते. काही वायनरी वेळेवर पैसे देतात, बागेत माणूस पाठवून सल्लाही देतात, असं तो सांगतो. टूरमुळे गावातल्या पोरापोरींना नोकऱ्या मिळाल्या, गाड्या चालतात, होमस्टे चालतात, हेही मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून ‘वाइन बंद करा’ या टोळीत मी नाही. उलट हा धंदा टिकावा असं मला वाटतं. पण 2009 पुन्हा आलं तर भावाच्या हातात मामासारखं नुसतं ‘साहेब चांगला होता’ एवढंच नको.

म्हणून मागण्या साध्या आहेत.

एक, सरकारी परतावा हवा असेल तर प्रत्येक शेतकऱ्याशी मराठीत लेखी करार हवा. त्यात भाव, खरेदीची हमी, पैशांची तारीख आणि माल नाकारल्यास भरपाई असावी. प्रत शेतकऱ्याकडे, प्रत सरकारकडे.

दोन, बाटलीवर गावाचं नाव. नाशिक व्हॅलीला भौगोलिक मानांकन आहेच, त्याच्या खाली गाव लिहायला शाईचा खर्च किती येणार?

तीन, जिथून द्राक्षं घेता तिथे तोडणीच्या दिवसांत पाणी, सावली, संडास आणि बसून यायची गाडी, ही खरेदीची अट करा. खाणाऱ्या परदेशी ग्राहकासाठी औषधांच्या अंशाची अट आपले शेतकरी पाळतातच ना? मग हीही पाळतील.

चार, या धंद्याबद्दल सरकार निर्णय घेईल त्या टेबलावर वाइनची द्राक्षं पिकवणारे बसलेले हवेत, फोटोत नव्हे.

यातली एकही गोष्ट वायनरीला बुडवणारी नाही. आमच्या टूरला माणशी साडेसहा हजार पडले. एका बाटलीला साधारण एक-सव्वा किलो द्राक्षं लागतात. त्या साडेसहा हजारांतले द्राक्षाचे किती, हा हिशेब मी परतीच्या बसमध्ये शेजारणीला विचारला. ती म्हणाली, “तू ना, मूड घालवतेस.”

घालवला असेल. आणि ज्यांना वाटतंय की दोन ग्लास पिऊन आता ही अक्कल शिकवतेय, त्यांनाही सांगते, हो, प्यायले. विकत घेऊन प्यायले, म्हणूनच विचारायचा हक्क आहे. भाजीवालीला आपण मेथी कुठची म्हणून विचारतो. हजार रुपयांच्या बाटलीला विचारायला लाजायचं कशाला?

उन्हाळ्यात, पावसाळ्यात तुमच्यातले बरेच जण अशा टूरला जाणार आहात. जरूर जा, गाडी चालवणाऱ्याने मात्र पिऊ नका. आणि टाळ्या वाजवायच्या आधी एकदा विचारा, कुठल्या गावची द्राक्षं? उत्तर मिळालं तर इथे कॉमेंटमध्ये गावाचं आणि वायनरीचं नाव लिहा. मी यादी करतेय. ज्यांनी उत्तर दिलं त्यांचीच बाटली यापुढे आमच्या घरी येईल.