काळजीची वयोमर्यादा

अल्पवयीन खेळाडूवरचा लेख 'हरवलेले बालपण' या शब्दांवाचून पुरा होत नाही, असा जणू संकेतच झाला आहे. ऑलिव्हिया मोल्ट्री या अमेरिकन फुटबॉलपटूच्या बाबतीत तर खेळाआधी बालपणाचीच समीक्षा सुरू झाली. माझा आक्षेप या समीक्षेला आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. कॅलिफोर्नियातील या मुलीने २०१७ मध्ये, अकराव्या वर्षी, पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघातून खेळण्याचे तोंडी मान्य केले. फेब्रुवारी २०१९ मध्ये, तेराव्या वर्षी, तिने तो मार्ग सोडून नाइकीशी करार केला आणि पोर्टलंड थॉर्न्स या व्यावसायिक संघासोबत सराव सुरू केला. मात्र सराव कितीही केला तरी लीगचा सामना खेळायची मुभा नव्हती. नॅशनल विमेन्स सॉकर लीगचा नियम अठरा वर्षांचा होता. मे २०२१ मध्ये तिने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली लीगवर दावा लावला. न्यायमूर्ती कॅरिन इमरगट यांनी तिच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, आणि ३ जुलै २०२१ रोजी, पंधरा वर्षांची असताना, ती लीगच्या सामन्यात उतरली.

मुलीच्या शिक्षणाचे काय, शरीराचे काय, मनाचे काय, हे प्रश्न खोटे नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीमागे बूट विकणारी कंपनी उभी राहावी हे मलाही रुचत नाही. पण फ्रेडी अडू एप्रिल २००४ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याच देशातील पुरुषांच्या लीगमध्ये खेळला, तेव्हा कोणताही नियम आडवा आला नाही. मुलांना मोकळी असलेली वाट मुलींना बंद का, याचे समर्थनीय कारण लीगला देता आले नाही, हे न्यायालयानेच नोंदवले. (१९८९ साली कराचीत उतरलेल्या तेंडुलकरचे सोळा हे वय आपण अजून जपमाळेसारखे ओढतो, त्याच्या कॉलेजचे काय झाले, याची चिंता कोणी वाहिल्याचे स्मरत नाही.)

त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. मोल्ट्रीच्या पदार्पणानंतर तीन महिन्यांच्या आत, सप्टेंबर २०२१ मध्ये, पोर्टलंडच्याच एका माजी प्रशिक्षकावर लैंगिक दबावाचे आरोप खेळाडूंनी जाहीरपणे केले. लीगच्या आयुक्तांना राजीनामा द्यावा लागला. ऑक्टोबर २०२२ मधील येट्स अहवालाने हा छळ लीगच्या व्यवस्थेतच मुरलेला असल्याचे सांगितले, आणि जानेवारी २०२३ मध्ये चार प्रशिक्षकांवर कायमची बंदी आली. आरोप करणाऱ्या स्त्रिया अठराची अट पुरी करूनच आत आल्या होत्या. दारावर जन्मतारीख तपासणाऱ्या नियमाला आतल्या खोलीत काय चालते याच्याशी कर्तव्य नव्हते. तक्रार कोणाकडे करायची, ती ऐकणारा कोण, संघ बदलताना खेळाडूचा शब्द चालतो का, हे विचारायला हवे होते. ते पंधरा वर्षांच्या मुलीसाठी जितके खरे, तितकेच तिशीतल्या बाईसाठी. बालपणाचा शोक करणाऱ्यांनी ते फारसे विचारले नाही, कारण शोकाला पुरावा लागत नाही.

पुढे लीगने अठराखालील खेळाडूंसाठी स्वतंत्र व्यवस्था केली. खेळाडूने पालकांसोबत राहावे, संमतीवाचून तिला दुसऱ्या संघाकडे धाडू नये, अशा तिच्यात अटी आहेत. म्हणजे विचार करणे शक्य होते. तो करायला एका मुलीला कोर्टाची पायरी चढावी लागली.

मोल्ट्रीने २०२२ मध्ये, सोळाव्या वर्षी, लीगमधला पहिला गोल केला. त्याच वर्षी थॉर्न्सने अजिंक्यपद मिळवले. डिसेंबर २०२३ मध्ये ती चीनविरुद्ध राष्ट्रीय संघातून प्रथम खेळली. ती मधल्या फळीत खेळते. तिथे ती चेंडू कसा घेते, कोणाला आणि केव्हा देते, यावर चार परिच्छेद कोणी लिहिले, तर ते मी आनंदाने वाचेन.