आयआयएमचे दार आणि गणिताची कडी

आपल्या वस्त्यांमधील अनेक पदवीधर स्पर्धा परीक्षांचे अर्ज न चुकता भरतात. पण आयआयएमची कॅट परीक्षा म्हटली की मागे सरतात. कारण एकच सांगितले जाते : ‘माझे गणित कच्चे आहे.’

ही भीती नेमकी कुठे आडवी येते, हे समजून घेतले पाहिजे. कॅटमध्ये भाषा, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तीन विभाग असतात. प्रत्येकाला ४० मिनिटे. एका विभागाचा वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. आयआयएम एकूण पर्सेंटाइलसोबत प्रत्येक विभागाचाही किमान पर्सेंटाइल ठरवतात. अनुसूचित जातींसाठी तो कमी असतो, पण असतो. म्हणजे भाषेत कितीही गुण मिळाले, तरी गणितात घसरलेला विद्यार्थी मुलाखतीपूर्वीच बाहेर पडतो.

१९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. त्यामागे दीर्घ लढा होता. आज केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. पण राखीव जागा दारापर्यंत नेते. कडी आपल्यालाच काढावी लागते.

दिलासा असा की या गणिताचा पाया दहावीपर्यंतचाच आहे : शेकडेवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, काळ-काम-वेग, समीकरणे, भूमिती. अडचण सरावाची आहे. कला शाखेला गेलेल्या मुलाचे गणित दहावीनंतर सुटते आणि पाच-सहा वर्षांनी एकदम घड्याळ लावून सोडवावे लागते. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षापासून रोज तासभर द्यावा. आधी अंकगणित पक्के करावे, मग बीजगणित. चुकांची वेगळी वही ठेवावी. चुकीच्या बहुपर्यायी उत्तराला एक गुण वजा होतो; त्यामुळे कोणता प्रश्न सोडायचा, हेही शिकावे लागते. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत गुण वजा होत नाहीत, पण १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात. तिथे वेगाची कसोटी लागते.

महागडे क्लास सर्वांना परवडत नाहीत. मात्र विहारातील अभ्यासिकेत दर रविवारी वेळ लावून एक चाचणी आणि समाजातील अभियंत्यांनी, बँक कर्मचाऱ्यांनी दिलेले दोन तास, एवढे नक्की जमू शकते. जयंतीच्या वर्गणीतला छोटा वाटाही त्याला पुरेल.

१९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहिणारे बाबासाहेब आकड्यांना घाबरले नाहीत. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी का घाबरावे?

जय भीम!