जंतूला मारायचे की थांबवायचे?

मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होणाऱ्या अनेक स्त्रियांना हा अनुभव नवा नाही. प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्या की जळजळ थांबते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच दुखणे उपटते. यातल्या बहुतेक संसर्गांमागे ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू असतो. तो मूत्रमार्गातून वर सरकतो, मूत्राशय गाठतो आणि कधी मूत्रपिंडापर्यंतही पोचतो. लघवीच्या प्रवाहाविरुद्धच्या या प्रवासात त्याला मदत होते ती कशाभिकांची, म्हणजे त्याच्या अंगावरच्या लांब, बारीक शेपट्यांची.

या शेपट्या चाबकासारख्या हलत असाव्यात, असा पूर्वी अनेकांचा समज होता. हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी 1973 मध्ये सांगितले की, त्या हलत नाहीत, बोटीच्या पंख्यासारख्या गोल फिरतात. पुढच्याच वर्षी मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्व्हिन सायमन यांनी जिवाणूची शेपटी काचेला चिकटवून ठेवली. शेपटी जागची हलेना, तेव्हा अख्खा जिवाणूच तिच्याभोवती गरगर फिरू लागला. शंकेला जागा उरली नाही.

शेपटी फिरवणारी मोटार जिवाणूच्या आवरणात बसवलेली असते आणि ती प्रथिनांची बनलेली असते. तिचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतका. ई. कोलायची मोटार सेकंदाला सुमारे 300 फेरे घेऊ शकते. पेशीतली बहुतेक कामे एटीपी या इंधनावर चालतात, ही मोटार मात्र थेट प्रोटॉनच्या प्रवाहावर चालते. कोयनेचे पाणी खाली उतरताना टर्बाइन फिरवते, तसे आवरणाबाहेर साठलेले प्रोटॉन आत शिरताना मोट-ए आणि मोट-बी या प्रथिनांच्या जोडणीतून जातात. पाच मोट-ए दोन मोट-बीभोवती बसलेले असतात, ही रचना 2020 मध्ये स्पष्ट झाली. प्रोटॉनच्या ओघाने हे पाचांचे कडे फिरते आणि दातेरी चाकासारखे मोटारीचे मोठे कडे फिरवते, असे आज मानले जाते. ओझे वाढले की अशा आणखी जोडण्या कामाला लागतात. चिखलात रुतलेल्या गाडीला जादा बैल जुंपावेत, तसेच हे.

आता प्रश्न असा की, ही मोटार बंद पाडता येईल का? प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. अशा वेळी जंतूला ठार न करता त्याची वाटचाल रोखण्याचा मार्ग गांभीर्याने तपासायला हवा. पटकीचा जिवाणू प्रोटॉनऐवजी सोडियमच्या आयनांवर मोटार चालवतो. रक्तदाबासाठी वापरले जाणारे अमिलोराइड हे औषध अशी सोडियमवरची मोटार रोखते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण ते मूत्रपिंडातल्या सोडियमच्या वाटाही अडवते, म्हणून पटकीवर तेच द्यावे, असे म्हणता येत नाही. फक्त जिवाणूची मोटार अडवणारे रेणू शोधावे लागतील.

या मार्गाचा गाजावाजा करणेही चूक ठरेल. जिवाणू एकदा ठिकाणावर पोचून चिकटला की त्याला पोहण्याची गरज फारशी उरत नाही. रक्तात पसरलेल्या संसर्गात नुसता ब्रेक लावून भागणार नाही, तिथे जंतू मारावाच लागेल. मोटाररोधक औषध आले तरी त्याची जागा प्रतिजैविकांच्या शेजारी असेल, त्यांच्याऐवजी नाही. जंतू मरत नसल्याने प्रतिकाराची शक्यता कमी राहील, अशी आशा आहे. ती खरी ठरते का, हे रुग्णांवरील चाचण्यांतच कळेल.

तरीही एक गोष्ट ठामपणे सांगता येते. 1973 मध्ये शेपटी फिरते की हलते, हा प्रश्न औषधासाठी विचारला गेला नव्हता. जिवाणू पोहतो कसा, एवढेच कुतूहल त्यामागे होते. त्या उत्तरापासून मोट-ए आणि मोट-बीच्या रचनेपर्यंत पोचायला 47 वर्षे लागली. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम 0.64 टक्के खर्च करतो आणि त्यातही प्रकल्पांना ‘उपयोग काय?’ हा प्रश्न विचारला जातो. या हिशेबात कशाभिकेच्या मोटारीचा अभ्यास पहिल्याच फेरीत बाद झाला असता. नव्या औषधांची अपेक्षा ठेवायची, तर तूर्त उपयोग न दिसणाऱ्या प्रश्नांसाठीही निधीचा ठरावीक वाटा दरवर्षी राखून ठेवावा लागेल. आणि तोवर हाताशी असलेली प्रतिजैविके डॉक्टरांना न विचारता दुकानातून आणून संपवू नयेत, एवढे तर आजच प्रत्येकाला करता येईल.